जाणाऱ्यांची गादी

"सावकाश जेवा," धाकटी म्हणाली. "एकेक घास नीट चावून. आज कुणालाही कसलीही घाई नाहीये."

हे तिनं उभ्याउभ्या सांगितलं. एका हातात ताट, दुसऱ्या हातात फोन आणि डोळे दाराशी रचलेल्या तीन बॅगांवर. गाडी चारला येणार होती. आयुष्याचा वेग कमी करायचा म्हणून ती गेलं वर्षभर नुसती धापा टाकत होती, त्यामुळे शेवटच्या दिवशी तिला धाप लागलेली पाहून कुणाला नवल वाटलं नाही.

थोरलीनं जावेच्या ताटात थोडी भाजी वाढली. निरोपाचं जेवण खाली कारखान्यातच मांडलं होतं, कारण वरच्या दोन खोल्यांत एवढी माणसं मावली नसती. वसतिगृहाच्या ऑर्डरच्या गाद्या भिंतीला लावून उभ्या केल्या होत्या, पिंजणयंत्रावर चादर टाकली होती आणि सगळे कापसाच्या गठ्ठ्यांवर बसून जेवत होते. कितीही झाडलं तरी या जागेत कापूस उडायचाच. घरात जन्मलेलं माणूस पाण्यावरचा कापूस न बघता फुंकायचं, लग्न होऊन आलेलं आधी बघायचं आणि मग फुंकायचं. थोरली आता न बघता फुंकायची. धाकटी अजून पाणी बदलून घ्यायची.

"परदेशात जाऊन तू नक्की काय करणार आहेस, ते मला पुन्हा एकदा सांग," वन्सं धाकट्याला म्हणाल्या. वन्सं दोघा भावांच्या मधल्या. घरात काहीही ठरत असलं की त्या एका बाजूनं यायच्या आणि जेवणं उरकेपर्यंत दुसऱ्या बाजूला जाऊन बसायच्या.

"शेळ्या पाळणार," धाकटा म्हणाला. "थोडी भाजी लावू. घर तळ्याकाठी आहे, ताई. गावात एकच दुकान, तेही मनात आलं तर उघडतं."

"तुला शेळ्यांतलं काय कळतं?"

"शिकेन ना. सावकाश."

"लहानपणी शेजारचं मांजर घरात शिरलं की तू कपाटावर चढून बसायचास."

"म्हणूनच जायचं," धाकटी मध्ये पडली. "इथं आपण निसर्गापासून तुटलोय. तिथं शांतता आहे, वेळ आहे. आम्हाला चिमणीबरोबर राहायचंय, बाकी काही नको." मग आवाज चढवून, "अहो, किती वाजले?"

धाकट्यानं सवयीनं भिंतीकडे पाहिलं. तिथं नुसता खिळा होता. घड्याळ माणसाला पळवतं, म्हणून धाकटीनं ते गेल्याच आठवड्यात भंगारवाल्याला देऊन टाकलं होतं. तेव्हापासून घरात जो तो दिवसभर वेळच विचारत होता.

"मोठी आई, पाणी," चिमणी म्हणाली. ती थोरलीच्या मांडीला टेकून बसली होती.

"काकू," धाकटीनं दुरुस्त केलं. "काकू म्हणायचं ठरलंय ना आपलं, बाळा?"

थोरलीनं पाणी दिलं. काही महिन्यांची असल्यापासून चिमणी सकाळी या कारखान्यात यायची आणि रात्री आठला आईबाप कामावरून सुटले की तिला झोपलेलीच उचलून न्यायचे. ती रांगली गाद्यांवर, चालायला शिकली गाद्यांवर. पडलं तर लागतं हे तिला शाळेत गेल्यावर कळलं. थोरलीला स्वतःचं मूल नव्हतं आणि याची आठवण तिला आता फारशी यायची नाही, कारण आठवण यायला हात रिकामे लागतात. आता मात्र चिमणी जाणार म्हटलं की ती जाऊ नये असंच तिला वाटायचं. पण हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं. जाण्याबद्दल सासऱ्यांना, म्हणजे अप्पांना, विचारून झालं होतं, थोरल्याला विचारून झालं होतं, वन्संनी न विचारताच सांगून टाकलं होतं. थोरलीला फक्त निरोपाला भाजी कुठली करणार एवढं विचारलं होतं.

"अप्पा, ते पासपोर्ट द्या आता," धाकटा हात धुऊन आला.

अप्पा कोपऱ्यात आपल्या गादीवर बसून जेवत होते. त्यांनी तोंडातला घास संपवला. सांगितल्याप्रमाणे, नीट चावून.

"गादीत घातलेत," ते म्हणाले.

यात विशेष काही नव्हतं. अप्पांच्या वडिलांपासून या घरात किमती वस्तू गादीतच जायची. चोर कपाट फोडतो, पेटी उघडतो, पण गादी उसवत बसायला त्याला सवड नसते, असा त्यांचा हिशेब. या हिशेबापायी अप्पांच्या आईच्या बांगड्या एकदा कुठल्याशा गिऱ्हाइकाच्या गादीतून निघून गेल्या होत्या. मग सगळं घर कित्येक महिने गिऱ्हाइकांकडे जाऊन, गादी कशी वाटते, कुठं टोचत तर नाही ना, असं विचारत फिरलं. बांगड्या काही मिळाल्या नाहीत. पण एवढ्या आस्थेनं चौकशी करणारा कारखाना दुसरा नाही, असा बोलबाला झाला आणि धंदा दुप्पट वाढला. त्यामुळे त्यातून कुणी काही शिकलं नाही.

पासपोर्ट अप्पांकडे आले तेही रीतसर. फ्लॅट सोडून धाकटा बायको-मुलीसह इथं राहायला आला तेव्हा धाकटीचा देऊन टाकण्याचा सपाटा जोरात होता. चार दिवस हात न लागलेली वस्तू पाचव्या दिवशी दिसायची नाही. घाबरून त्यानं तिन्ही पासपोर्ट अप्पांच्या हवाली केले होते.

"कुठल्या गादीत?" भिंतीला लावलेल्या गाद्यांकडे बघत धाकट्यानं विचारलं. सगळ्या एकाच मापाच्या, एकाच पट्ट्यांच्या. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"यांच्यात कसे घालीन? वेडा आहे का मी? चिमणीच्या गादीत. मी केलेली ना, फुलाफुलांच्या खोळीची? तिच्यात. जाणाऱ्यांचे पासपोर्ट जाणाऱ्यांच्या गादीत. विसरायची भीती नाही."

यात खोट काढण्यासारखं काहीच नव्हतं. फक्त ती गादी जाणार नव्हती.

"बरोबर आहे," धाकटी पांढऱ्याफटक चेहऱ्यानं म्हणाली. "बांधून ठेवलीय ती. वर आहे. वहिनी, जरा आत येता?"

आत म्हणजे कारखान्यामागच्या ओट्यापाशी. तिथं पोचताच धाकटीनं थोरलीचे दोन्ही हात धरले.

"वहिनी, ती गादी!"

त्या गादीची गोष्ट दोघींनाच माहीत होती. गेल्या आठवड्यात धाकटीनं ती गुपचूप थोरलीच्या हातात दिली होती. एका माणसाला एकच बॅग असं तिनं ठरवलं होतं आणि तिथं सगळे लाकडी फळीवर झोपणार होते, पाठीला चांगलं म्हणून. कुणाला तरी देऊन टाका, पण अप्पांना कळू देऊ नका, उगाच वाईट वाटेल, असं म्हणाली होती. दोन दिवसांनी तिनं विचारलं तेव्हा थोरलीनं सांगितलं, दिली, कापूस घेऊन येणाऱ्या गाडीवाल्याला.

दिली नव्हती. ती वर थोरलीच्या खोलीत, तिच्या स्वतःच्या गादीखाली होती. आपण खोटं का बोललो हे थोरलीला नीट सांगता आलं नसतं. पोर परक्या मुलखात जाणार, निदान तिची गादी तरी परक्या घरात जाऊ नये, एवढंच तिला वाटलं होतं.

"त्या गाडीवाल्याचं नाव सांगा, नंबर सांगा, कुठं राहतो सांगा," धाकटी म्हणत होती. "उद्यापर्यंत तिथं पोचलो नाही तर आमचा तिथं राहायचा परवाना रद्द होतो. पुन्हा नाही मिळणार. नोकऱ्या सोडल्यात, घर सोडलंय. आम्हाला इथंच राहावं लागेल, वहिनी. कायमचं इथंच!"

गादी वर आहे, हे शब्द थोरलीच्या ओठांवर आले होते. पण त्या 'इथंच'वर तिचं तोंड आपोआप मिटलं. चिमणी इथंच. नवं खोटंसुद्धा बोलायची गरज नव्हती, जुनंच पुरणार होतं.

"गाडीवाले काय, दर खेपेला वेगळे असतात," तिच्या तोंडून निघून गेलं. "यांच्याकडे असेल नंबर."

मग धाकटीकडे लपवण्यासारखं काही उरलंच नाही. बाहेर येऊन धाकटी रडत रडत सगळं बोलून गेली. थोरल्यानं फोन घेतला, दारापर्यंत गेला, सगळ्यांकडे पाठ करून जरा वेळ उभा राहिला आणि परत आला.

"लागत नाही," तो म्हणाला. तो एरवीही यापेक्षा जास्त बोलायचा नाही.

"पण पासपोर्ट ही काय गादीत ठेवायची वस्तू आहे?" वन्संनी सुरुवात अप्पांपासून केली. "अप्पा, आता वय झालं तुमचं. जग कुठं चाललंय!"

"मी दिली नसती तर आता हातात असती ती," धाकटी हुंदका देत म्हणाली.

"ते मात्र खरं हं," वन्सं लगेच वळल्या. "म्हाताऱ्यानं नातीसाठी हातानं केलेली गादी. ती तू रस्त्यावरच्या माणसाला देतेस? मन झालं तरी कसं तुझं?"

"सगळं देऊन टाकायचं वेड हिचं!" धाकटा उसळला. "माझी पुस्तकं दिली, माझा कोट दिला, घड्याळसुद्धा ठेवलं नाही. किती वाजलेत आता?"

"मला काय माहीत? फोनवर बघा!"

"फोन तूच बंद करून बॅगेत टाकलास ना माझा! प्रवासात डोक्याला शांतता हवी म्हणून!"

"मग तुमच्याच आनंदासाठी चाललंय ना हे? शेळ्यांची हौस तुम्हालाच होती!"

"मला? मला शेळ्यांची हौस?"

"बघा, खरं सांगायचं तर बिचारीचं काही चुकलं नाही," धाकटी मोठ्यानं रडायला लागताच वन्सं म्हणाल्या. "पुरुषांना घरातलं काय कळतं?"

धाकटीनं पदरानं तोंड पुसलं. ती आता भांडत नव्हती. "मला पोरीबरोबर वेळ हवा होता," ती म्हणाली. "ती चालायला लागली ते मला फोनवर कळलं. पहिला दात पडला तेव्हा मी मीटिंगमध्ये होते. शाळेत तिनं भाषण केलं, तेही फोनवरच ऐकलं. प्रत्येक वेळी वहिनींचा फोन यायचा. मी फोन ठेवून बाथरूममध्ये जाऊन रडायचे."

हे थोरलीला ठाऊक नव्हतं. दर वेळी तिनं किती लगबगीनं फोन केला होता! आईला लगेच कळायला हवं म्हणून कापसाचे हात न धुताच करायची. आपण तिला आनंदाची बातमी देतोय असंच तिला इतकी वर्षं वाटत होतं.

"सूनबाई, पाणी दे," अप्पा म्हणाले. तिनं दिलं. त्यांनी न बघता फुंकलं, दोन घोट प्यायले आणि भांड्यावरून तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. थोरलीला तिथं उभं राहवेना. वर नंबर लिहिलेला असेल, बघते, असं काहीतरी पुटपुटून ती जिना चढली.

चिमणी तिच्या पलंगावर पालथी पडली होती.

"मोठी आई, ते भांडतायत."

"भांडू दे. तू इथं काय करतेस?"

"इथं माझी गादी आहे ना," चिमणी म्हणाली. "खालच्या बाजूला. दुपारी झोपलं की एका जागी टोचते."

थोरली पलंगाच्या कडेवर बसली. "कुणाला सांगितलंस?"

"नाही. तूच म्हणालीस ना दिली म्हणून. मग मी पण नाही सांगितलं."

म्हणजे पोरीलाही आपण खोट्यात ओढलं होतं. थोरलीला लाज वाटली, पण लाजेपेक्षा एक प्रश्न मोठा होता. तो तिला स्वतःला कुणी विचारला नव्हता आणि या पोरीलाही कुणी विचारला नव्हता.

"चिमणे, तुला जायचंय का गं?"

चिमणीनं विचार केला. विचार करताना ती खालचा ओठ चोखायची, अगदी लहान असल्यापासून.

"आम्ही नाही गेलो तर आई परत ऑफिसला जाणार?"

"जाईल."

"आणि आठ वाजता येणार?"

"हो."

"मग जायचंय," चिमणी म्हणाली. "तिथं आई रोज माझी वेणी घालणार आहे. तिला तुझ्यासारखी येत नाही, सैल होते. पण मी शिकवीन तिला. तू काळजी नको करू."

थोरलीला दुसरं उत्तर हवं होतं. ते मिळालं असतं तर पासपोर्ट कापसातच राहिले असते, हे तिनं त्या घडीला स्वतःशी कबूल केलं. मग तिनं पोरीची वेणी सोडली, पुन्हा घट्ट घातली, आज तरी सुटायला नको म्हणून. मोठी गादी उचलून खालची छोटी ओढून काढली आणि काखेत मारून खाली आली.

"अगं बाई!" वन्सं ओरडल्या. "दिली होतीस ना?"

"नाही दिली. खोटं बोलले."

एरवी या एका वाक्यावर या घरात वर्षभर चर्चा झाली असती. पण शांत आयुष्याकडे निघालेल्यांना तेवढी सवड नव्हती. धाकटी कात्री घेऊन धावली.

"फाडा, वहिनी, सरळ फाडा! गाडी येईल!"

"फाडायची नाही," थोरली म्हणाली. ती जमिनीवर बसली, तिनं गादी मांडीवर घेतली आणि दाभणाच्या टोकानं काठाचा एकेक टाका उचलून सोडवायला लागली. धाकटा तिच्या डोक्यावर उभा राहून हात चोळत होता, धाकटी बॅगांच्या चेन पुन्हा पुन्हा ओढत होती. त्या दिवशी घरात सावकाश झालेलं काम तेवढंच.

कापसात हात घालून तिनं तिन्ही पासपोर्ट काढले, त्यांच्यावरचा कापूस फुंकला आणि धाकटीच्या हातात दिले. धाकटीनं तिला मिठी मारली, रडली, हसली, तुम्ही नसता तर काय झालं असतं म्हणाली. थोरलीला त्याचं उत्तर माहीत होतं, ते तिनं सांगितलं नाही. तेवढ्यात बाहेर गाडीचा भोंगा वाजला आणि मग जी पळापळ उडाली, तिच्यात धाकट्याचा एक बूट सापडेना, एका बॅगेचा पट्टा तुटला, वन्संनी चुकून स्वतःचीच पर्स गाडीत चढवली आणि ती परत काढताना ड्रायव्हरशी भांडल्या.

"आता तुम्हीही जरा निवांत व्हा, वहिनी!" धाकटी गाडीतून ओरडली. "मग या आमच्याकडे!"

चिमणीला खिडकी हवी होती, ती तिनं बापाला ढकलून मिळवली. गाडी हलली तशी तिनं मान बाहेर काढली, थोरलीकडे पाहिलं, मग शेजारी बसलेल्या आईकडे पाहिलं.

"काकू, येते हं!" ती ओरडली.

शहाणी पोर. थोरलीनं गाडी वळेपर्यंत हात हलवला.

"मी पहिल्यापासून म्हणत होते, जाऊ द्यावं त्यांना," वन्सं म्हणाल्या आणि डबा भरून घेऊन त्याही गेल्या.

कारखान्यात परत तिघं उरली. थोरल्यानं पिंजणयंत्रावरची चादर काढून घडी केली. अप्पा उसवलेली गादी पुढ्यात घेऊन बसले होते, बाहेर आलेला कापूस बोटांनी आत सारत होते.

"दिलेस," ते म्हणाले.

"दिले."

"मला वाटलं होतं, नाही देणार."

थोरली ताटं गोळा करत होती, ती थांबली. "गादी माझ्याकडे आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

"धाकटी ती नेणार नाही हे मला खोळ शिवतानाच कळलं होतं. आणि तू ती घराबाहेर जाऊ देणार नाहीस, हेही."

"मग त्यात कशाला घातलेत, अप्पा? त्यांचं सगळं आयुष्य होतं त्यात."

"घरात सगळ्यांना विचारून झालं होतं," अप्पा म्हणाले. "तुला कुणी विचारलं नव्हतं."

थोरल्यानं चादरीची घडी पुन्हा मोडली आणि पुन्हा घातली.

"मलाही ठाऊक होतं," तो म्हणाला. "आठवडाभर पाठीत टोचत होती."

"मग मघाशी फोन कुणाला केलात?"

"कुणालाच नाही." त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. "मलाही वाटलं, नाही देणार तू."

"मलाही तसंच वाटलं होतं," थोरली म्हणाली आणि तिला इतका वेळ न आलेलं रडू आलं. अप्पांनी तिच्यासाठी पाणी ओतलं आणि तिला देण्याआधी सवयीनं फुंकलं.

मग तिनं डोळे पुसले, दाभणात दोरा ओवला आणि छोट्या गादीचा काठ शिवायला घेतला. टाके भराभर पडत होते, कारण थोड्या वेळात चिमणी झोपेतून उठेल, तिला खायला द्यायचं, शाळेचा अभ्यास घ्यायचा, आठच्या आत तिचे कपडे बदलून ठेवायचे, असं हातांना वाटत होतं. चार टाके घातल्यावर तिच्या ते ध्यानात आलं. तिनं भिंतीकडे पाहिलं, तिथल्या खिळ्याकडे, आणि हात आवरला. आता या घरात कुणालाही कसलीही घाई नव्हती.